खंय चल्लास?

पुण्यात शिकून मालवणात समुपदेशनाची खोली उघडली तेव्हा मला धास्ती होती फीची. न कळवता गैरहजर राहिलात तरी त्या दिवसाची फी द्यायची, हे गावच्या माणसांना सांगताना मलाच घाम फुटायचा. पण त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. अडलं ते भलत्याच नियमावर. खोलीबाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, असं मी प्रत्येकाला सांगायचे. तुम्ही माझ्याकडे येता हे लोकांना कळू नये, एवढाच हेतू.

मिठबावच्या एक काकी यायच्या. आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून जावेने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. दोघींचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, एकच, तरी दिवसभर शब्द नाही. काकींची झोप उडाली होती. एका मंगळवारी त्या पहिल्यांदा पोटभर रडल्या आणि मला वाटलं, आता वाट सापडली. त्याच दुपारी मासळीबाजारात त्या समोर आल्या. मी नियमाप्रमाणे बांगड्यांत डोकं घातलं.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. त्यानंतरच्या मंगळवारी आल्या, पण बसल्या नाहीत. टेबलावर पैसे ठेवले.

"चुकलेल्या दिवसाचे. आता मी येवचंय नाय."

"का हो काकी?"

"माका बगून तुमी मान खाली घातलास. माजी जाव पण तशीच जाता."

मला फार वाईट वाटलं. नियमामागचं कारण मी पुन्हा समजावलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"पण मॅडम, हयसर गावात बोलला नाय तरच लोक इचारतत, काय झाला म्हणान."

खरंच की! वाटेत दिसेल त्याला आम्ही "खंय चल्लास?", कुठे निघालात, असं विचारतो. उत्तर कुणाला नको असतं. गप्प जायचं ते फक्त वैर असेल तर. मी इथलीच, शिरोड्यात वाढलेली, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणखी किती जण मला वैरीण समजून बसलेत, हे जाणून घ्यायची मला भारी उत्सुकता लागली.

"मग काय करूया?" मी विचारलं.

काकी खुर्चीत टेकल्या. "तुमी इतक्याच इचारा, खंय चल्लास. मी सांगतलंय, बाजारात. मगे गप ऱ्हवा."

ठरलं. त्या दुपारी मासळीबाजारात मी विचारलं, "काकी, खंय चल्लास?"

"बाजारात," बाजाराच्या मधोमध उभ्या राहून काकी म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि तुमी?"

हे ठरलेलं नव्हतं. "घराक," मी म्हटलं.

पुढल्या मंगळवारी त्या वेळेआधीच आल्या. फी ठेवली, पदर सावरून बसल्या.

"काल खळ्यात जाव दिसली. मी इचारलंय, खंय चल्लंस गो?"

"मग?" मला राहवेना.

"उबी ऱ्हवली. माज्याकडे बगल्यान." काकींनी खुर्ची पुढे ओढली. "पाण्याक, म्हणाली."