उसना मोर

आमचा पेंटर समोरून येणारी गाडी कधी बघायचा नाही, ती निघून गेल्यावर बघायचा. उसाच्या ट्रॉलीवरची चित्रं असतात मागच्या फाळक्यावर, म्हणून. ट्रॉली शेजारून गेली की त्याची मान मागे वळलीच. बोलताना, जेवताना, एकदा तर मयताला खांदा दिलेला असतानाही. "म्होरं जाऊ दे, मग दिसतंय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आष्ट्यात माझं ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. मी लोखंड जोडायचो, तो रंगवायचा. या भागात उसाच्या ट्रॉलीमागे अडकून तुम्ही कधी शिव्या घातल्या असतील, तर त्याचं काम तुम्ही नक्की बघितलेलं आहे. तेवढा वेळ दुसरं करणार काय?

एकदा त्याला मोटारसायकलवर मागे बसवून मी सांगलीला निघालो होतो. शेजारून माधवनगरची ट्रॉली गेली. फाळक्यावर मोर होता. पेंटर मानेसकट अख्खा वळला आणि आम्ही दोघं गाडीसकट पाटात गेलो. मी चिखलात चप्पल शोधतोय आणि हा गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणतो, "गड्या, शेपटीचा निळा बघितलास का?"

पुढच्या आठवड्यात तो मोर आमच्या ट्रॉलीवर आला.

हंगामात तो जेवणाचा डबा घेऊन साखर कारखान्यावर जायचा. वजनासाठी थांबलेल्या ट्रॉल्यांची लांबच लांब रांग तो मागून मागून बघत हिंडायचा. कराडच्या कुणाचं कमळ, मिरजेच्या कुणाचा 'श्री', जे आवडेल ते घेऊन यायचा. लपवाछपवी नाही. गिऱ्हाइकानं विचारलंच तर म्हणायचा, "उसनं आणलंय. पर धुऊन वापरलंय."

आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदार नवी ट्रॉली करायला आले. रंगवलेले फाळके बघत फिरले आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, "कमळ ह्याचं, मोर त्याचा. पेंटर, ह्यात तुजं काय हाय रं?"

पेंटरचा ब्रश हातातच राहिला. दोन दिवसांनी मला म्हणाला, "सुभेदार बरूबर बोलले. उद्या मी गेलो तर माजं म्हणून काय ऱ्हाईल?" त्याचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

औषध मात्र त्यानं भलतंच काढलं. आता कुणाचंच बघायचं नाही! रस्त्याकडे पाठ करून बसायला लागला. ट्रॅक्टरचा आवाज आला की डाव्या हातानं स्वतःची मान धरून ठेवायचा. असा उपास करकरून त्यानं सुभेदारांच्या फाळक्यावर एक वाघ काढला, पुरा स्वतःच्या डोक्यातला.

सुभेदारांनी तो लांबून बघितला, मग जवळून बघितला.

"मांजार कुणाचं हाय?"

"वाघ हाय त्यो."

"आजारी हाय?"

पेंटरनं रंगाच्या डब्याला झाकण लावलं.

"पूस त्यो. मोर काढ. उसना तर उसना."

पेंटरनं वाघ पुसला आणि मुकाट्यानं मोर काढला.

त्या हंगामात सुभेदारांची ट्रॉली कारखान्यावर रांगेत लागली, तेव्हा आम्ही दोघंही तिथं होतो. तिच्या फाळक्यासमोर जाड चष्म्याचे एक म्हातारबाबा उभे होते. कुणीतरी म्हणालं, माधवनगरचे पेंटर ते हेच. आमचा पेंटर झटकन माझ्यामागे लपला. मी काडीसारखा आणि तो चांगला आडवा, त्यामुळे काही उपयोग झाला नाही.

"आवं, मोर तुमचाच हाय," तो माझ्या पाठीमागूनच म्हणाला. "उसना आणला. चुकलं."

"माजा? माजा मोर म्होरं बघतो," म्हातारबाबा म्हणाले. "ह्यो मागं वळून कुणाला बघतोय?"

आम्ही बघितलं. खरंच, मोरानं मान पार शेपटीकडं वळवली होती. पेंटर रांगेतून पळत सुटला, आपण रंगवलेल्या ट्रॉल्या शोधत. त्याच्यामागे मी. पोपट मागे बघत होता. हरीण मागे बघत होतं. एका फाळक्यावरचा बैल तर गाडी ओढायची सोडून मागे बघत होता. इतकी वर्षं हे सगळं माझ्याच वर्कशॉपात रंगत होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

"ही मान कुणाची उचललीस?" आमच्यामागून हळूहळू आलेल्या म्हातारबाबांनी विचारलं.

पेंटरनं बराच वेळ आठवून बघितलं. "कुणाचीच न्हाई वो," तो म्हणाला. तेवढ्यात शेजारून एक ट्रॉली गेली आणि त्याची मान वळली. म्हातारबाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पेंटरनं त्या दिवशी दिसेल त्याला चहा पाजला. संध्याकाळी सुभेदारांच्या दारात उभा राहून कवायतीच्याच आवाजात सांगून आला, "सुभेदार, मान माजी हाय!"

गेल्या पावसाळ्यात पेंटर गेला. आता माझ्याकडे रेडियमचे स्टिकर लावतात. नुसते चकाकतात. मला त्याची फार आठवण येते, खोटं कशाला बोलू?

परवा मी एकटाच सांगलीला निघालो होतो. शेजारून एक ट्रॉली गेली आणि माझी मान वळली. ही सवय मला कधी लागली कोण जाणे. फाळक्यावरचा रंग अगदी ताजा होता आणि मोर मागे बघत होता. मी गाडी वळवून ट्रॅक्टर गाठला.

"मोर कुणी काढला रं?"

"माधवनगरच्या म्हातारबाबांनी," ड्रायव्हर म्हणाला. "मी म्हनलं, म्होरं बघणारा काढा. तर म्हनले, न्हाई, ह्योच. आष्ट्याच्या पेंटरचा हाय, उसना आणलाय."

ट्रॅक्टर निघाला. मागे बघत बघत मोर लांब गेला. हे बघायला पेंटर माझ्या मागच्या सीटवर हवा होता. खुशाल पाटात गेलो असतो.