हर्शेल स्टॅम्परची सही

रॉन्डा स्टॅम्पर त्रेचाळिसाव्या वर्षी नर्सिंग कॉलेजात गेली, तेव्हा बीचफोर्कमधल्या अर्ध्या लोकांनी तिला वेड्यात काढलं आणि उरलेल्या अर्ध्यांनी चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना केली. दोन्हीचा अर्थ एकच. तिचा धाकटा भाऊ डेल तर तोंडावर म्हणाला, "अगं, तू पास होशील तेव्हा पेशंट म्हणून तूच खाटेवर असशील!"

"मग पहिलं इंजेक्शन तुलाच टोचीन, तेही बोथट सुईनं," रॉन्डा म्हणाली.

डेलचं बोलणं कोण मनावर घेतंय म्हणा! दोन वर्षांपूर्वी स्वतःचं दिवाळं काढून बसलेला माणूस तो.

रॉन्डा बावीस वर्षं म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात मदतनीस होती. अंघोळ घालायची, लंगोट बदलायचे, घास भरवायचे. औषधाची गोळी मात्र द्यायची नाही, ते नर्सचं काम. काल नोकरीला लागलेली पोरगी गोळ्यांची गाडी ढकलत यायची आणि कॉम्ब्स नावाच्या म्हाताऱ्याच्या घशाखाली गोळी कशी उतरवायची हे रॉन्डाला विचारायची. सफरचंदाच्या लगद्यात घालून, हे रॉन्डाला ठाऊक. पगार त्या पोरीचा दुप्पट. एकदा एक बाई रॉन्डाचा हात धरून तळमळत होती, दुखणं कमी करायची गोळी समोरच्या कपाटात होती, आणि नर्स येईपर्यंत चाळीस मिनिटं रॉन्डाला नुसतं बसून राहावं लागलं. त्या दिवशी तिने ठरवलं, आता नर्स व्हायचंच.

तशी ती अठराव्या वर्षीच शिकली असती. विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. पण सरकारी मदतीच्या अर्जात बापाची कमाई लिहून बापाने सही करायची असते. तिचा बाप हर्शेल काउंटीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवायचा. आमच्या या डोंगरातली माणसं एक वेळ उपाशी झोपतील, पण आपल्या ताटात काय आहे ते सरकारला दाखवणार नाहीत. "माझी कमाई वॉशिंग्टनला कशाला सांगू? भीक मागतोय का मी?" म्हणत त्याने अर्ज बाजूला सारला. मुदत टळली. पोरगी सहा महिने बापाशी बोलली नाही. मग बोलली, मग लग्न केलं, मग ते मोडलं. आणि आपण काय करून बसलो हे हर्शेलला कळायला पंचवीस वर्षं लागली. वरातीमागून घोडं!

या खेपेला सरकारी कर्ज थोडंच मिळालं. संसारात असताना तिने दोनदा कॉलेज धरलं आणि दोनदा सोडलं होतं, त्यात तिच्या वाट्याचं बरंचसं संपलं होतं. उरलेल्यासाठी खाजगी बँक, आणि बँकेला हवा जामीनदार. हे कानावर पडताच हर्शेल चर्चला जायचा सदरा घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसला. पेन्शनचे, घराचे, सगळे कागद त्याने आपणहून पुढे केले.

"लिही. काय हवं ते लिही. एक सेंटसुद्धा लपवू नकोस."

"डॅडी, सही करण्याआधी वाच तरी."

"मागच्या वेळी फार डोकं चालवलं मी, तेच नडलं," तो म्हणाला आणि सही ठोकली.

बारा पानं होती. रॉन्डानेही वाचली नाहीत. बाप आपल्यासाठी सही करतोय हे बघताना डोळे भरून आले, मग बारीक अक्षरं कुणाला दिसणार?

दोन वर्षं तिने जिवाचं रान केलं. ड्यूटी संपली की कॉलेज, कॉलेज सुटलं की ड्यूटी. दर महिन्याचं व्याज तारीख न चुकवता. रविवारी हर्शेल चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून पुस्तकातले प्रश्न विचारायचा आणि ती चुकली की बायकोला हाक मारायचा, "ओपल, हिला जेवायला वाढू नकोस गं!" एकतीस हजार डॉलर कर्ज झालं होतं. एक सत्र उरलं होतं, जानेवारी ते मे. बस.

ऑक्टोबरात हर्शेल लाकडं फोडता फोडता कोसळला. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचे चार दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक घरातून काही ना काही आलं: डंपलिंग घातलेली कोंबडी, शेंगांचं भाजलेलं कालवण, केळ्याचं पुडिंग. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी. आमच्याकडे एक रीत आहे. लोकांची भांडी धुऊन परत जायच्या आत गेलेल्या माणसाची सगळी कामं मिटवायची. कुणाचा निरोप, कुणाचं देणंघेणं, कुठलं कार्ड, काही लोंबकळत ठेवायचं नाही, नाहीतर तो माणूस थडग्यात सुखाने पडत नाही म्हणतात. ओपलने यादी केली आणि रॉन्डा फोन करत सुटली. पेन्शन कचेरी. ट्रकचा विमा. वाचनालय. यादी संपली तेव्हा तिने आपल्या मनाने आणखी एक फोन केला, कर्जाच्या बँकेला. कुणी विचारलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. हप्ता तिचाच जात होता. पण हर्शेलच्या लेकीला अर्धवट काम ठेवायची सवय नाही ना!

"माझे वडील वारले. कर्जावर त्यांचं नाव आहे, तेवढी नोंद करून घ्या."

"फार वाईट वाटलं ऐकून, मॅडम," पलीकडची बाई म्हणाली. आवाज खरंच मऊ होता. "मृत्यूचा दाखला पाठवाल का?"

रॉन्डाने त्याच दुपारी पाठवला.

हर्शेल गेल्याच्या अठराव्या दिवशी बँकेचं पत्र आलं. जामीनदार मयत झाल्याने करार मोडला आहे. सगळी रक्कम तीस दिवसांत भरा, नाहीतर तेवढ्यात नवा जामीनदार द्या. शेवटच्या सत्राचे पैसे थांबवले आहेत. सातव्या पानावर ते सगळं आधीपासून लिहिलेलं होतं.

डेलने पत्र वाचलं आणि टेबलावर आपटलं. "कुणी सांगितला होता हा शहाणपणा? गप्प बसून हप्ते भरत राहिली असतीस तर कोण कुत्रं येणार होतं विचारायला?"

"डॅडीचं काम अर्धवट राहू नये म्हणून केला रे फोन."

डेलचा राग तिथेच विझला. "दिवाळखोराची सही बँकेला चालली असती तर आत्ता केली असती, ताई," तो खाली मान घालून म्हणाला. आयुष्यात तो पहिल्यांदाच तिला ताई म्हणाला असेल.

रॉन्डाने बँकेला अकरा वेळा फोन केले. अकरा वेळा मऊ आवाजाच्या बाया भेटल्या. एकदा तर गाडीत बसल्या बसल्या ती स्टिअरिंगवर मूठ आपटून ओरडली, "सात महिने थांबला असतास तर काय बिघडलं असतं तुझं, डॅडी?" आणि आपण काय बोललो ते कळताच तोंडावर हात ठेवून थिजून बसली.

बँकेच्या मुदतीच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, भर दुपारी, ओपलने तिला बोलावून घेतलं. म्हातारी एकोणसत्तर वर्षांची, हृदयात जाळी बसवलेली. टेबलावर बँकेचा नवा कागद, शेजारी घराचे कागद.

"डेलने विचारून घेतलंय. माझी सही चालते म्हणे. घर आता माझ्या नावावर आहे."

"नाही, ममा."

"नाही काय? एकच सत्र राहिलंय गं. इतकं शिकलीस, आता मोडता घालतेस?"

"घर जाईल तुझं."

"जाऊ दे! मी काय वर घेऊन जाणार आहे? तुझ्या बापाने एकदा अडवलं तुला आणि जन्मभर कुढला. मला कुढायला लावतेस?" ओपलने पेन उचललं. थेट सहीच्या रेघेवर टेकवलं.

रॉन्डाने पेनासकट तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. शुश्रूषागृहात बावीस वर्षं धरले होते तसा, घट्ट आणि हळू. कागद तिने दुसऱ्या टोकाला सरकवला. तिला नर्स व्हायचं होतं. अजूनही व्हायचं होतं. गोळ्यांची गाडी, नावाची पट्टी, सगळं समोर दिसत होतं.

"ममा, डॅडी गेला तेव्हा मला त्याच्यासाठी रडायला अठरा दिवस मिळाले. मग ते पत्र आलं. तेव्हापासून त्याची आठवण आली की आधी कर्ज आठवतं. मी माझ्या मेलेल्या बापावर ओरडले, ममा." तिने ओपलच्या बोटांतून पेन हळूच काढून घेतलं. "तू जाशील तेव्हा मला नुसतं तुझ्यासाठी रडायचंय."