बाकदार चोच

मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी एका पक्षिनिरीक्षक मंडळात जाऊ लागले. पक्षी फारसे ओळखता येत नव्हते, म्हणून मंडळाच्या पुस्तिकेची भाषा तपासायचं काम माझ्याकडे आलं. शराटी या पक्ष्याच्या पानावर लिहिलं होतं, ‘चोच लांब व वाकडी.’ मी ‘वाकडी’ खोडून ‘बाकदार’ केलं.

पुस्तिका लिहिणारे गृहस्थ प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. म्हणाले, “अहो बाई, सरळ नाही म्हणजे वाकडी. आपण कविता लिहीत नाही आहोत.”

“वाकडी म्हणजे काहीतरी बिघडलेली,” मी म्हटलं. “बाकदार म्हणजे मुळातच डौलदार वळणाची.”

“हा फरक फक्त तुम्हालाच कळणार.”

मला ते लागलं. माझं लग्न जमवायच्या दिवसांत बघायला आलेल्या एका बाईंनी माझं नाक वाकडं म्हटलं होतं. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवत शांतपणे सांगितलं होतं, “वाकडं नाही, बाकदार आहे.” ते स्थळ फिसकटलं, पण त्यानंतर मी आरशाला कधी घाबरले नाही.

पुढच्या रविवारी खडकवासल्याला जायला आम्ही स्वारगेटला जमलो. बारा जण नवखे होते, शराटी कुणीच पाहिला नव्हता. बसला वेळ होता. मी सहा जणांना ‘लांब, वाकडी चोच’ लिहिलेला कागद दिला, उरलेल्या सहांना ‘लांब, बाकदार चोच’. म्हटलं, “काढा पक्षी.”

चित्रं मी न बघताच प्राध्यापकांच्या हातात ठेवली. ‘वाकडी’वाल्यांपैकी एकाची चोच बाजूला मुरडलेली, दुसऱ्याची मधेच मोडलेली, एकीने तर चक्क नागमोडी काढली होती. ‘बाकदार’वाल्या सहाही चोची विळ्यासारख्या, एकाच वळणाने खाली झुकलेल्या.

प्राध्यापकांनी कागद दोनदा चाळले.

“यातल्या तिघांना हाडवैद्याकडे न्यायला हवं,” ते म्हणाले. मग खिशातलं पेन काढून त्यांनी कच्च्या प्रतीत स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘बाकदार’. नवख्यांनी टाळ्या वाजवल्या. बसच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली आणि मी, साठी ओलांडलेली बाई, दोन्ही हात उंचावून हसत होते.

धरणाकाठी पोचलो तेव्हा चिखलात चार-पाच पक्षी चोची खुपसत होते. आयटीत काम करणारा, नुकताच विदर्भातून आलेला एक जण दुर्बीण न लावताच ओरडला, “मॅडम, ते बघा, बाकदार!”

प्राध्यापक हळूच म्हणाले, “शराटीच आहेत.”