गंगा आला

तेसीशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे व्याकरणाची दुरुस्ती. श्रावण संपत आला होता, इथं बनारसला मुन्शी घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि ती खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून पडली होती. मी पेज घेऊन गेले तर डोळे न उघडताच म्हणाली, "वहिनी, गंगा आला?" आणि मी, सत्तरी ओलांडलेली शहाणी बाई, काय म्हणावं? "आला नाही गं, आली." ती हसली. चमचाभर पेज प्यायली. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली... महिना झाला, पाणी आता उतरायला लागलंय, आणि माझ्या कानात आपलं ते 'आली' वाजतंय.

तेसी म्हणजे माझी धाकटी जाऊ. फिलिपिन्सची. इथल्या विद्यापीठात शिकायला आली आणि माझ्या दिराशी लग्न करून राहिली. तिच्या भाषेत ती कथा लिहायची. मनिलाला तिची दोन पुस्तकं निघाली, तिकडे तिला नाव होतं. आमच्या घरात मात्र ती 'जिला तो-ती कळत नाही ती'. तिच्या भाषेत तो आणि ती असा भेदच नाही, दोघांना एकच शब्द, सिया. हे तिनं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी विचारलं, "मग तुमच्याकडे लग्नं कशी जमतात?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसले की पदर तोंडात धरावा लागला. काय तो माझा तोरा! पुण्याला मावश्यांकडे गेले की माझं बनारसी मराठी ऐकून त्या एकमेकींना खुणा करत. 'दही खट्टी झाली' म्हटलं तर अख्खं घर लोटपोट. ते सगळं मी गिळून आणलं होतं, आणि इथं मला आयती एक सापडली, माझ्याहून वाईट मराठी बोलणारी. मी लगेच मास्तरीण झाले.

दुपारी नारळ खवताना ती मुलांना एक गोष्ट सांगायची, तिच्या गावातल्या पुराची. पाणी छपराला लागलेलं, आणि कुणीतरी लहानशा होडीतून येऊन एकेकाला सोडवून नेतं. म्हातारा म्हणतो, ती माझी मेलेली बायको होती. शेजारची विधवा म्हणते, छे, तो माझा नवरा. तेसी सांगायची, "मग तो आली. मग ती हात दिला." मुलं खिदळायची, आणि मी चुलीपासून ओरडायची, "अगं एकदा ठरव, बाई की बुवा?" ती म्हणायची, "वहिनी, दोनो." शेवटी मीच ठरवलं. नावाडी! मुलांना झोपवताना मी ती गोष्ट शुद्ध करून सांगू लागले... नावाडी आला, नावाड्यानं हात दिला. मुलांच्या डोक्यात तीच बसली, तेसीच्या लेकीच्या, लीनाच्याही. पुढं तेसीनं सांगणंच सोडलं. कुणी हट्ट केला तर म्हणायची, "वहिनी अच्छा सांगतो."

लीना आता चित्रकार आहे. तिच्या मनिलाच्या मामांचं म्हणणं, तेसीच्या कथा लीनाच्या चित्रांसह पुन्हा काढू, आणि तिनं कधी लिहिलीच नाही ती पुराची गोष्टही घेऊ. लीनानं चित्र काढलं: गढूळ पाणी, होडी, आणि डोक्याला गमछा बांधलेला, झुपकेदार मिशांचा मल्लाह, अगदी आमच्या घाटावरचा. फोनवर मामांना दाखवलं.  त्यांनी इंग्रजीत हळूच विचारलं, याला मिशा कुणी लावल्या? गावात खरंच तसा पूर आला होता म्हणाले. ज्याचं त्याचं कुणी ना कुणी वाहून गेलं. प्रत्येकाला त्या होडीत आपलं गेलेलं माणूस दिसायचं, म्हणून तिथं सिया. गोष्ट तेवढीच आहे.

लीना माझ्याकडे बघायला लागली. "काकू, तूच तर सांगायचीस ना, नावाडी?"

"मिशा मी लावल्या," मी म्हटलं.

चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं मोबाइल माझ्यापुढे ठेवला. "अब सही वाली सांग. नानाय सांगायची तशी, गलत्यांसकट." नानाय म्हणजे आई, तेसीचा हा एक शब्द आमच्या घरात टिकला. आणि काय सांगू, मला सगळं येत होतं! तो आली, ती हात दिला, होडी हलला... जन्मभर जिच्या चुका पकडल्या, तिच्या चुका मला तोंडपाठ. फक्त शेवटी ती तिच्या भाषेत एक ओळ गुणगुणायची, ती आठवेना. तेवढ्यात मी नेमकी दूध बघायला उठायची. मामांनाही ती ठाऊक नाही. म्हणाले, तेसीची स्वतःची असणार. लीनानं तिथं कोरी जागा सोडलीय.

नव्या चित्रात होडीतलं माणूस पाठमोरं आहे. आपलं माणूस, गेलेलं माणूस... मराठीत ही सोय होतीच की. मास्तरीणबाईंना सुचली नाही.

तेसीची खिडकी सकाळी मीच उघडते. परवा पाणी बघत उभी होते, तर खालून नात ओरडली, "आजी, गंगा उतरली?"

"उतरला," मी म्हटलं.

"उतरला काय आजी, उतरली!"

बरोबर होतं तिचं. मी पाण्याकडे बघतच पुन्हा म्हटलं, "उतरला गं."