सुखदेवेंनी पास केलेलं नर्सिंग होम

रांझीच्या बाजारात अंबादास सुखदेवे पिशवी घेऊन शिरले की पहिली भाजीवाली दुसरीला डोळा मारायची. "आ गए रिजेक्ट काका!" आणि मग घाईघाईने टोपलीतले टोमॅटो पदराने पुसायला लागायची, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखी.

काका टोमॅटो उचलणार, तीन बोटांत फिरवणार, देठाशी नाक नेणार, उन्हाकडे धरणार आणि जागच्या जागी ठेवणार. "हा नाही. हाही नाही. हा तं बिलकुलच नाही." भाजीवाली त्यांच्यासारखीच मान तिरपी करून, घशातून घर्र आवाज काढून म्हणायची, "काका, सब्जी ले जा रहे हो कि दामाद?"

जावयाच्या बाबतीत तर काका याहून कडक होते. मुलीला, लतिकाला, पाहायला आलेला पहिला मुलगा बशीत ओतताना चहा सांडला म्हणून गेला, दुसऱ्याच्या एका बुटाची लेस सुटलेली होती, तिसरा फारच हसत होता. चौथा यायच्या दिवशी शेवंताबाईंनी नवऱ्याच्या हातात छत्री दिली. "तुमी सराफ्यात जा, तिथं दागिने पाहा दिवसभर. पोरगा मी पाहतो." त्या दिवशी लतिकाचं लग्न ठरलं. आता ती रायपूरला शाळेत शिकवते, आणि बशीत चहा तिचाही नवरा सांडतोच.

काकांच्या या कडकपणाला कारण होतं. अंबादासची उभी नोकरी फॅक्टरीत, तोफगोळ्यांच्या तपासणीत गेली. हातात गेज, म्हणजे दोन टोकांचं लोखंडी माप. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दोन्ही गेली तर माल ढिला, एकही गेलं नाही तर तंग. मग त्यावर लाल रंगाचा पट्टा, म्हणजे रिजेक्ट. एकदा पट्टा ओढला की ओढला. साहेब गोड आवाजात म्हणायचे, "सुखदेवेजी, एक बार और देख लेते?" तर हे म्हणत, "साहब, देखा हुआ और क्या देखना?" असा माणूस रिटायर झाला म्हणून थांबतो होय? भिंतीवरची बुद्धाची तसबीर केसभर झुकली तरी ती घरात त्यांना एकट्यालाच दिसायची.

रिटायर होऊन चार-पाच वर्षं झाली आणि शेवंताबाई न्हाणीत घसरल्या. कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी घरी सोडताना बोट नाचवत सांगितलं, "रोज खड़ा करो, रोज चलाओ. अभी नहीं चलीं, तो फिर बिस्तर ही समझो."

लतिका सुट्टी काढून आली होती तोवर निभलं. ती गेली त्या सकाळी अंबादासने एकट्याने बायकोला उठवायचा घाट घातला. त्यांच्या स्वतःच्याच दुखऱ्या कमरेला पट्टा. "एक, दो, तीन" म्हणून जोर केला, आणि दोघंही खाटेच्या कडेवरून अलगद घसरून जमिनीवर बसले. शेवंताबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम.

"बाबा, सुनो ना," लतिका फोनवर म्हणाली, "थोडे दिन आईला नर्सिंग होम में रखते हैं. आजकल तसे असतात ना, ऑपरेशन के बाद वाले. नर्स असते, आया असते, चलना-फिरना सब करवाते हैं. फक्त अच्छा वाला पाहा."

अच्छा वाला! हे कोणाला सांगून राहिली पोरगी?

अंबादास इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. पहिल्या ठिकाणी फिनाइलचा वास नाकात झोंबला. इतका वास म्हणजे काहीतरी लपवून राहिले. रिजेक्ट. दुसरं गढा भागात, तिथल्या बाजाराच्या मागे एका जुन्या घरात. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या इंदूताई ते चालवायच्या. अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या, त्यातली एक अंबादासच्या तोंडावर फटकन बसली. चहा आला तो कान तुटलेल्या कपात. त्यांनी कपाच्या काठावरून बोट फिरवलं. तेवढ्यात आतून आरडाओरडा.

एक आया एका आडदांड म्हाताऱ्याला मागून पायजम्याच्या नाडीशी धरून चालवत होती. "चलो दद्दा! नौटंकी बंद! दीवार को पकड़ के क्या खड़े हो, शादी करोगे उससे?" आणि दद्दा तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत एकेक पाऊल टाकत होता.

अंबादासने कप खाली ठेवला. "ताई, जिथं म्हाताऱ्या माणसावर असे वरडून राहिले, तिथं माझी बायको नाही ठेवायचो."

"बरं जी," इंदूताई शांतपणे म्हणाल्या. "पण वरडणं दोन्हीकडून होऊन राहिलं, ते ऐकलं का तुम्ही?"

ते त्यांनी ऐकलं नव्हतं. मनातल्या मनात लाल पट्टा केव्हाच ओढून झाला होता.

पास झालं ते नेपियर टाउनातलं. काचेचं दार, रिसेप्शनवर मोठ्या पेटीत रंगीत मासे, आणि त्या माशांच्याच तालावर मान हलवणारी मुलगी. "नमस्तेऽऽ सर, वेलकम सर, बैठिएऽऽ सर." अंबादासने चादरीचे कोपरे पाहिले, लिफाफ्यासारखे दुमडलेले. खाटेचे कठडे हलवून पाहिले, हलले नाहीत. औषधं वेळेवर, लादी कोरडी, आवाज कोणाचाही चढलेला नाही. बाहेर येऊन त्यांनी लतिकाला फोन केला आणि जन्मात फारसा न वापरलेला शब्द वापरला. "पास."

रोज संध्याकाळी ते डबा घेऊन जात. शेवंताबाई उशीला टेकून बसलेल्या, केस विंचरलेले, चादर गळ्यापर्यंत.

"कसं हाय?"

"बरं हाय. मानसं लई चांगले हायेत." मग त्या आवाज एकदम मधात बुडवून म्हणत, "पाय खाली सोडला का धावत येतेत. माताजीऽ, आराम कीजिएऽ! बाथरूमले बी खुर्चीवरच नेतेत. पाण्याचा गिलास बी उचलू देत नाहीत."

"पाह्य!" अंबादास खूश. "याले म्हणतेत सेवा!"

दिवस गेले. शेवंताबाईंच्या नकला कमी होत गेल्या. मग नुसतंच "बरं हाय". मग मान. अंबादासला वाटलं, आराम पडून राहिला. त्यांनी पुन्हा एकदा चादरीचे कोपरे पाहिले; लिफाफे जसेच्या तसे.

तपासणीच्या दिवशी नर्सिंग होमचा कडक इस्त्रीचा अटेंडंट शेवंताबाईंना चाकाच्या खुर्चीवरून डॉक्टरांकडे घेऊन आला; अंबादास तिथे आधीच येऊन थांबले होते. डॉक्टर म्हणाले, "हाँ अम्मा, खड़े होके दिखाओ."

शेवंताबाईंनी खुर्चीचे हात धरले. जोर लावला. पाय लटपटला आणि त्या परत खुर्चीत बसल्या. पुन्हा लावला. पुन्हा बसल्या. लुगड्याच्या आत मांडी केवढीशी झाली होती, ती अंबादासला आज पहिल्यांदा दिसली.

"चलाते नहीं थे क्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, गिर जातीं तो?" अटेंडंट छाती काढून म्हणाला. "हमारे यहाँ आज तक एक पेशंट नहीं गिरा."

"गिरेगा कैसे भैया? तुम्हारे यहाँ कोई खड़ा ही नहीं होता." डॉक्टर अंबादासकडे वळले. "काका, अभी भी वक्त है. थोड़ा ही है, लेकिन है. ये महीना गया तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा."

बाहेरच्या व्हरांड्यात अंबादास बाकावर बसले. शेवंताबाई खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. इतक्यात जिन्याकडून भांडण आलं. भांडण आधी आलं, माणसं मागून.

"धीरे चल, चुड़ैल!"

"धीरे तो आप चल रहे हो दद्दा, मैं तो पीछे हूँ!"

गढ्याचा तोच आडदांड म्हातारा. हातात वॉकर, चार पायांचा, पुढे ठक, मग एक पाय, मग दुसरा. मागे तीच आया, गीताबाई, पण आता तिने नाडी धरली नव्हती. दद्दा चहाच्या टपरीकडे निघाला होता आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला "हटो, हटो, गाड़ी आ रही है!" असं सांगत होता.

शेवंताबाईंची मान दद्दाबरोबर वळत वळत टपरीपर्यंत गेली. "हा बुढा कुठचा?"

अंबादासला खोटं बोलता येत नसे. "गढ्याचा. तिथंच नर्सिंग होम हाय एक. मी पाह्यलं होतं."

"मंग?"

"रिजेक्ट केलं."

"काहून?"

"कपाचा कान तुटेल होता," अंबादास म्हणाले. आणखीही कारणं होती, पण ती आता तोंडातून निघेनात.

शेवंताबाईंनी टपरीवरून मान त्यांच्याकडे वळवली. "मले कपात राहाचं हाय का? मले तिथं न्या. नाही तं मले बी मारा तुमचा लाल पट्टा, अन् द्या सोडून त्या मासोळ्यांत."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबादास गढ्यात गेले, एकटेच. नातेवाइकांना भेटायची ती वेळ नव्हती. या वेळी त्यांनी चादरी पाहिल्या नाहीत, नुसते अंगणातल्या बाकावर बसून राहिले. भर दुपारी आत एकही माणूस खाटेवर नव्हता. एक थरथरत्या हातांची म्हातारी वाटाणे सोलत होती, निम्मे दाणे खाली सांडत होते. गीताबाई ते वेचत होती, पण शेंगा काही तिच्या हातून घेत नव्हती. अंबादासने म्हातारीच्या पायाची नखं पाहिली, कापलेली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या दद्दाशेजारी सरकून त्यांनी हळूच विचारलं, "ये बाई मारती तो नहीं ना?"

"मारे? ये?" दद्दा गरजला. "मारूँ तो मैं मारूँ!"

"हाथ तो उठता नहीं, मारेंगे!" गीताबाई तिकडून ओरडली.

इंदूताई आल्या. "पुन्हा आले जी तुम्ही?"

अंबादासने घसा साफ केला. पुढचं वाक्य त्यांनी बसमध्ये रांझीपासून इथपर्यंत घोळवलं होतं, आणि तरी ते अडकलं. "मी... मागच्या वेळी बरोबर पाह्यलं नव्हतं."

इंदूताई हसल्या नाहीत, हे बरं झालं. "आता पाह्यलं?"

"पाह्यलं. नळापाशी पाणी साचून राहिलं, तिथं कोणीतरी घसरन. चादरींची दोरी उंच बांधा. अन् बाथरूमात धराले दांडा पाहिजे, दोन्हीकडून."

"सांगा ना, सांगा," इंदूताई म्हणाल्या. "रोज पाहून पाहून माझ्या नजरेतून सुटते. पण दांडा लावाले माणूस भेटत नाही."

माणूस अंबादासकडे होता. फॅक्टरीतला जुना वेल्डर बळीराम, रिटायर होऊन घरी बसून कंटाळलेला. दोघांनी जाऊन दांडा बसवला. अंबादास दांड्याला स्वतः लोंबकळले, बळीरामला लोंबकळायला लावलं, आणि मग कुठे शेवंताबाईंना आणलं.

गीताबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "अच्छा! ये उन्हीं की घरवाली हैं?" आणि तिने हवेतला एक कप उचलला, मान तिरपी केली, डोळा बारीक केला आणि काठावरून बोट फिरवलं. हुबेहूब. शेवंताबाईंना इतकं हसू फुटलं की टाक्यांची जागा दुखली. "अगं माय, अजून एक डाव कर वो," त्या म्हणाल्या.

पण हसणं तेवढंच. सकाळी वॉकर समोर आला आणि शेवंताबाईंचा चेहरा उतरला.

"उठो अम्मा."

"नाही उठत. पाय दुखून राहिला."

"दुखेगा ही. टूटा था, कोई लड्डू थोड़े ही बँटे थे उसमें."

"हे बाई हाय का हवालदार?"

"हवालदार ही समझो. उठो!"

"अरे, धीरे, धीरे," अंबादास मध्ये धावले, "उनको चक्कर..."

"काका, आप बाहर." गीताबाईने त्यांना खांद्याला धरून ओसरीवर नेलं, पायरीवर बसवलं आणि दार लोटलं.

आतून सगळं ऐकू येत होतं.

"हात सोड!"

"लो, छोड़ दिया!"

"अवं सोडू नोको, पडीन ना मी!"

"तो पहले बोलो, छोड़ूँ कि पकड़ूँ?"

"मले काय माहीत! तू पाह्य ना!"

अंबादास पायरीवरून अर्धे उठत आणि पुन्हा बसत. एकदा शेवंताबाई मोठ्याने ओरडल्या, तेव्हा त्यांचा हात दारापर्यंत गेला. फॅक्टरीत त्यांनी साहेबांना अडवलं होतं, युनियनला अडवलं होतं; स्वतःच्या हाताला अडवणं त्यांच्याने होईना. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यावर बसले. असा काही दिवस रोज सकाळचा कार्यक्रम. घरी जाताना त्यांची बोटं आखडलेली असत.

मग एका सकाळी आतलं भांडण थांबलं. अंबादासला ती शांतता भांडणापेक्षा वाईट वाटली. ठक. खरखर. पुन्हा ठक. दार कशाने तरी ढकललं गेलं आणि उंबऱ्यावर वॉकरचे दोन पाय टेकले. मागून शेवंताबाईंचा पाय, मग दुसरा, मग घामाने चिंब झालेलं लाल तोंड. गीताबाई त्यांच्या पाठीशी होती. तिचा पंजा कमरेपासून बोटभर दूर, न शिवता, बरोबरीने सरकत होता.

"काय पाहून राहिले बाप्पा?" शेवंताबाई धापा टाकत म्हणाल्या. "बसाले हाच रस्ता भेटला का? सरका तिकडं. मले उन्हात जायचं हाय."

अंबादास बसल्या बसल्याच बाजूला सरकले, आणि वॉकरला जागा पुरते की नाही ते पाहून अजून थोडे सरकले.