विटा झेलणारा

"आधी डोळं धरतात, मग हात," असं तो म्हणायचा आणि दोन्ही पंजे छातीपुढं उघडायचा. चहा पितानाही. देवणीत चाळीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. मी गवंडी, तो विटा झेलणारा बिगारी.

तुम्ही बांधकामावर बघितलं असेल, खालचा वीट फेकतो, वरचा झेलतो. पण एक रीत ध्यानात आली नसेल. खालच्यानं "हां" म्हणायचं, वरच्यानं "हां" म्हणायचं, मगच वीट सोडायची.

म्हातारपणी पोरीनं त्याला मोबाईल दिला. त्यात त्याला इटलीचा एक गोलकीपर सापडला. त्या माणसानं खेळ सोडून वर्षं झाली, तरी त्याच्या एकेका फोटोखाली लाखो लोक. हा माझ्या ओट्यावर बसून माझ्या बायकोला दाखवायचा.

"पंजा बघा वहिनी. आपल्यातलाच हाय."

"दिवसाची हजरी किती पडती त्याला, भावजी?" ती विचारायची. दोघं हसायची.

रोज सकाळी तो त्या फोटोखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचा, पुढं लिहायचा, 'देवणी'.

"लाखात तुझं कोण वाचतंय रं?" मी म्हणायचो.

"न वाचू दे. हजर हाय म्हणून सांगायचं."

मला ते खुपायचं. बायको माझ्यापेक्षा त्याच्या बोलण्याला जास्त हसायची, खरं कारण तेच.

एक दिवस हॉटेलासमोर मीच म्हणालो, "चल, तुझाबी व्हिडिओ टाकू. इटलीवाला बघंल." हॉटेलवाल्यानं मोबाईल धरला. हा पायरीवर पंजे उघडून उभा राहिला, मोबाईलकडं बघून लाजला. मी वीट फेकली. हां म्हणालो नाही. त्याची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

व्हिडिओ गावभर फिरला. लोक हसत राहिले. तो सगळ्यांना सांगायचा, "माझंच डोळं चुकलं." माझं नाव कधी घेतलं नाही.

बायकोनं घरात विचारलं, "तुम्ही हां म्हणलाव का?" तिनंही विटा वाहिल्या होत्या, तिला रीत ठाऊक.

"म्हणलो की."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती गेली. खोटं तसंच राहिलं.

तिच्या मातीला तो आला. हात जोडले, तर ती दोन बोटं वाकडी बाहेरच राहिली. मी खाली बघितलं. तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. तोच म्हणाला, "मिस्त्री, जेवत जा." मग तो पोरीकडं उमरीला राहायला गेला.

फोन करायची माझी छाती झाली नाही. मी इटलीवाल्याचा फोटो उघडायला शिकलो. त्या लाखो माणसांत खाली खाली जाऊन त्याचा नमस्कार शोधायचो. जोडलेले हात, पुढं 'उमरी'. सापडला की तोंड धुवायला उठायचो.

गेल्या महिन्यात चार दिवस सापडला नाही. पाचव्या दिवशी पोरीचा फोन आला. गेला.

त्याचा शेवटचा नमस्कार शोधून काढला. त्याच्याखाली एका बोटानं लिहिलं, 'मी हां म्हणलो नव्हतो.' मी चौथी शिकलेला माणूस, तेवढ्यालाही वेळ लागला. मग वरचं चित्र बघत बसलो. त्या हातांची दहाही बोटं जुळलेली आहेत.