म्हसोबाचा चढ आणि माझं पंक्चर

नकाशावर समोच्च रेषा जवळजवळ आल्या म्हणजे तिथं चढ तीव्र, हे मी गेली चोवीस वर्षं वर्गात सांगत आलोय. मुलं लिहून घेतात, पेपरात उतरवतात आणि मार्क मिळवतात. तो तीव्र चढ पोटऱ्यांना कसा लागतो, हे ना त्यांना ठाऊक होतं, ना मला.

मला ते कळलं साताऱ्यात. हल्ली साताऱ्यात पन्नाशीला टेकलेल्या माणसानं पहाटे पळायला किंवा सायकल मारायला जायचं असतं. नाही गेला तर शेजारी तब्येतीची चौकशी करतात. आम्ही मेहुण्याकडे राहायला गेलो होतो. त्यानं मला आपली जुनी डोंगरी सायकल दिली आणि यवतेश्वरच्या घाटात नेलं. दुसऱ्या वळणावर मी कठड्यावर बसलो आणि म्हणालो, "तू हो पुढं, मी जरा दरी बघतो." दरी मी तासभर बघितली. पण येताना उतारावर वारा कानात शिरला आणि मी दोन वेळा मोठ्यानं ओरडलो, अगदी विनाकारण. घरी आल्यावर मेहुणा म्हणाला, "ही सायकल घेऊन जा, दाजी, माझ्याकडं नवी आहे." नको म्हणायची रीत असते, ती मी विसरलो.

सांगलीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती ठेवायला जागा नव्हती. म्हणून ती गेली कुंडलला, थोरल्या भावाच्या गोठ्यात. भाऊ ऊस बघतो, मी रविवारी जाऊन सल्ले देतो, अशी आमची वाटणी आहे. भावानं सायकलीभोवती एक फेरी मारली, जशी तो बाजारात म्हशीभोवती मारतो.

"ह्याला स्टँड न्हाई?"

"नसतं."

"मडगार्ड न्हाई, कॅरिअर न्हाई. आरं, मग वैरण कशावर आणायची?"

"ही वैरणीची नाही. डोंगरात चालवायची आहे."

"डोंगरात काय हाय तुजं?"

गावामागं डोंगराची लांब रांग आहे. अभयारण्याच्या तारेबाहेरून एक पायवाट जाते, मेंढरांनी आणि सरपणाला जाणाऱ्या बायकांनी पाडलेली. आधी खैर आणि हिवराच्या झाडीतून हलके चढउतार आहेत, मग कडुनिंबांची सावली, मग एक मोकळा माळ. तारेपलीकडं चितळं मान वर करून बघतात. माणूस पायी आला तर ती पळतात, माझ्या सायकलीला मात्र उभीच राहायची. माझ्या वेगाचा त्यांना बरोबर अंदाज आला असावा. हे सगळं मला लय आवडायचं, कबूल करतो. मात्र माळ संपला की शेंदूर लावलेला एक दगड येतो, तो म्हसोबा, आणि तिथून वरपर्यंत जो चढ सुरू होतो तो म्हसोबाचा चढ. सुटे दगड, मध्ये पावसानं पाडलेली घळ आणि वर बघितलं की नुसतं आभाळ. या चढावर मी पहिल्या रविवारी घळीपाशी उतरलो. दुसऱ्या रविवारीही घळीपाशीच. पुढंही जागा बदलली नाही. उतरायचं, सायकल ढकलत वर न्यायची, वर पोचलं की फोन दगडाला टेकवून, हेल्मेट घालून, दूर क्षितिजाकडे बघत फोटो काढायचा आणि शाळेच्या ग्रुपवर टाकायचा. खाली फक्त 'सुप्रभात' लिहायचं. मी चढलो असं मी कुठंही लिहिलं नाही, याचा मला अभिमान होता.

दिवाळीनंतर जतकडचा एक म्हातारा मेंढपाळ कळप घेऊन त्या माळावर आला. दरवर्षी येतो. मी ढकलत निघालो होतो, तर त्यानं काठीवर हनुवटी टेकून विचारलं, "मास्तर, पंचर झाली व्हय?"

आता बघा, इथं एक धडधाकट माणूस 'नाही हो, दम लागला' एवढं म्हणू शकला असता. मी म्हणालो, "व्हय, पंचर." पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा पंक्चर. मग ते आमचं रामराम घालण्यासारखंच झालं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मी एक खोटं मोठ्या जागी बोललो.

आमच्या घरात सैन्याचं वेड आहे. वडील हवालदार होते. मी भरतीला गेलो तेव्हा श्वास कोंडून धरला तरी छाती मापात बसेना, म्हणून भूगोलाकडे वळलो. माझ्या मुलीनं मात्र थेट अधिकारीच व्हायचं ठरवलं. लेखी परीक्षा ती सहज पास व्हायची, पाच दिवसांच्या मुलाखतीला जायची आणि परत यायची. दोनदा असं झालं. दुसऱ्यांदा परत आली ती पुण्याच्या खोलीत दार लावून बसली. आता वयाच्या अटीत एकच संधी उरली होती आणि ती फॉर्म भरणार नव्हती. त्यानंतरच्या रविवारी चढाच्या माथ्यावर मोबाइलला चांगली रेंज होती. मी तिला फोन लावला. काय बोलावं सुचेना. ती "हूं, हूं" एवढंच करत होती. माझ्या तोंडून निघालं, "आज मी म्हसोबाचा चढ पाय न टेकता चढलो. एकोणपन्नासाव्या वर्षी. पाच महिने लागले."

मग म्हणाली, "खरं, पप्पा?"

"खरं," मी म्हणालो. धाप मला सायकल ढकलून लागली होती, पण फोनवर ती शोभून दिसली.

दोन दिवसांनी तिनं फॉर्म भरला. बायको म्हणाली, "तुम्ही तिला काय सांगितलंत हो?" मी नुसता हसलो. त्या रात्री मला झोप आली नाही.

लेखी परीक्षा ती नेहमीसारखी पास झाली. मुलाखतीआधी ती चार दिवस घरी आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मला तो चढ तुमच्याबरोबर चढायचाय." मामाची सायकल तिनं परस्पर मागवलीही होती. मी म्हणालो, तिकडे उसात बिबट्या दिसलाय. ती म्हणाली, "बिबट्याला भिऊन सैन्यात जाऊ का?" मी गुडघ्याचा विषय काढला, तर बायकोनं तेल आणून दिलं. शेवटी रविवार उजाडला. गोठ्यातून निघताना मी म्हसोबाला मनातल्या मनात नारळ बोललो, तेही दोन.

म्हसोबापाशी ती थांबली. "तुम्ही पुढं व्हा, पप्पा. मला बघायचंय."

मी जीव खाऊन पायडल मारले. खोटं सांगत नाही, त्या दिवशी मी आयुष्यात चढलो नव्हतो तितका चढलो. घळ चार हातांवर आली आणि मला वाटलं, जमतंय. मग पुढचं चाक सुट्या दगडावर फिरलं आणि पाय खाली आला.

"चेन पडली," मी म्हणालो.

तिनं चेनकडे बघितलं. चेन जागेवर होती. इतक्यात वरच्या बाजूनं काठी वाजली. मेंढपाळ खाली येत होता.

"काय मास्तर, आज बी पंचर?" मग मुलीकडे वळून तो काळजीनं म्हणाला, "पोरी, लेक न्हवं तू ह्यांची? दिवाळीपासनं बगतूय, दर आयतवारी ह्या जागंला ह्यांची गाडी पंचर हुती आन् हे ढकलत वर जात्यात. बापाला एक नवं टायर तरी घे की गं."

तो बिचारा मेंढरांमागं गेला. मुलीनं सायकल मागं नेली, जोर घेऊन आली आणि माझ्यापुढं पाचसहा हात जाऊन तीही उतरली. मग आम्ही दोघं ढकलत वर गेलो. ती पुढं होती. एकदाही मागं वळली नाही.

माथ्यावर पोचल्यावर म्हणाली, "एकदाही नाही?"

"नाही."

"मी या चढाच्या भरवशावर फॉर्म भरला, पप्पा." तिनं सायकल दगडाला टेकवली. "मला वाटायचं, आपल्या घरात पुन्हापुन्हा नापास होणारी मी एकटीच आहे. तुम्हीपण चढलात म्हटल्यावर तर आणखीच एकटी पडले. आणि तुम्ही दर रविवारी इथं येऊन पडत होतात?"

मी मान हलवली. इतकी लाज मला भरतीच्या मैदानावर उघड्या छातीनं उभं राहतानाही वाटली नव्हती. ती खाली सांगलीपर्यंत बोलली नाही. मुलाखतीला निघाली तेव्हा आईच्या पाया पडली, माझ्याही पडली, पण माझ्याकडे बघितलं नाही. फॉर्म भरला होता म्हणूनच ती जातेय, असं मला वाटत राहिलं.

सहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला. पहिल्या दोन्ही वेळा तिनं आईला फोन केला होता, मला बायकोकडून कळलं होतं. मागं गाडीची घोषणा ऐकू येत होती.

"पप्पा, नाही झालं."

माझ्या तोंडाशी पाचसहा वाक्यं आली. सगळी छान होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. मी गप्प बसलो.

"रविवारी गेला होतात?" तिनं विचारलं.

"गेलो होतो."

"मग?"

"उतरलो. घळीपाशीच."

ती हसली. मग हसता हसता रडायला लागली. घंटा झाली, मुलं वर्गात गेली, आणि मी फोन कानाला धरून तिचं रडणं थांबेपर्यंत व्हरांड्यातच उभा राहिलो.